ऊन ओळखणारी काच

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडच्या बंद काचेच्या खिडकीजवळ हात नेऊन पाहा. डोक्यावर पंखा गरगरत असला तरी हाताला धग लागते. आणि डिसेंबरात सकाळी आठ वाजता पूर्वेच्या खिडकीशी जाऊन बसा. तीच धग आता हवीहवीशी वाटते. घरात मांजर असेल तर तेही नेमके तिथेच अंग चोरून बसलेले सापडेल. काच दोन्ही वेळी तीच असते. तिला उन्हाळा कळत नाही आणि हिवाळाही कळत नाही. ऊन पडले की ते आत सोडायचे, एवढेच तिला ठाऊक!

समजा, ही गोष्ट काचेला कळू लागली तर? म्हणजे थंडीत तिने उन्हाची ऊब आत येऊ द्यायची आणि काच एका ठरावीक तपमानापलीकडे तापली की ऊब बाहेरच थोपवायची. पण उजेड मात्र दोन्ही वेळी आत येऊ द्यायचा. त्यासाठी वीज नको, तारा नकोत, कळ दाबायला माणूस नको. अशी काच प्रयोगशाळांतून तयार झालेली आहे. ती अजून सर्रास घरोघर का दिसत नाही, हे समजून घेण्यात मोठी गंमत आहे, कारण त्या एका प्रश्नात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि घरबांधणी या तिन्हींची गाठ पडते.

आधी थोडा हिशेब करू. स्वच्छ आकाशातून भर दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. पश्चिमेच्या उभ्या खिडकीवर किरण तिरपे पडतात, म्हणून तिथे ६०० वॅट धरू. खिडकी दोन चौरस मीटरची असेल तर झाले १२०० वॅट. साधी काच त्यातले ८० टक्क्यांहून अधिक आत सोडते. म्हणजे आपण खोलीत एक हजार वॅटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखेच झाले! एक टनाचे वातानुकूलन यंत्र खोलीतून सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर काढू शकते. त्याची चौथाईहून अधिक ताकद या एका खिडकीतून आलेले ऊन परत बाहेर टाकण्यातच खर्च होते. जगात वापरल्या जाणाऱ्या एकंदर ऊर्जेपैकी सुमारे ३० टक्के इमारतींमध्ये खर्च होते, हे लक्षात घेतले म्हणजे खिडकीच्या काचेसाठी शास्त्रज्ञ इतके का शिणतात ते कळेल.

आता उन्हाची फोड करू. सूर्याकडून जमिनीवर येणारी ऊर्जा शंभर पैसे मानली, तर त्यातले सुमारे पाच पैसे जंबुपार किरणांचे, पंचेचाळीसच्या आसपास डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचे आणि उरलेले, म्हणजे जवळजवळ निम्मे, अवरक्त किरणांचे असतात. हे अवरक्त किरण आपल्याला दिसत नाहीत, फक्त उष्णतेच्या रूपाने जाणवतात. वाचायला, लिहायला, चेहरे ओळखायला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. तेव्हा अवरक्त किरण अडवले आणि दृश्य प्रकाश येऊ दिला, तर खोली अंधारी न करता उन्हाची जवळजवळ निम्मी ऊर्जा बाहेर ठेवता येईल.

चांदीचा अतिशय पातळ थर दिलेली काच हे काम आजही करते आणि ती बाजारात मिळते. पण ती बारा महिने तेच करते. ज्या देशात हिवाळ्यात घर तापवावे लागते, तिथे फुकट मिळणारी उबही ती दारातूनच परत पाठवते. म्हणून तपमानानुसार वागणूक बदलणारा पदार्थ हवा.

तपमानानुसार रंग बदलणाऱ्या पदार्थांना तापवर्णी पदार्थ म्हणता येईल; इंग्रजीत त्यांना थर्मोक्रोमिक म्हणतात. असा एक पदार्थ तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. झिंक ऑक्साइडची पांढरी पूड परीक्षानळीत घेऊन तापवा, ती पिवळी होते. थंड झाली की पुन्हा पांढरी. (हा प्रयोग शिक्षकांच्या देखत करावा.) आपल्या काचेसाठी मात्र असा पदार्थ हवा, की ज्याचा बदल डोळ्यांना फारसा दिसू नये आणि अवरक्त किरणांना मात्र चांगलाच जाणवावा! ही विचित्र अट पुरी करणारा पदार्थ म्हणजे व्हॅनेडियम डायऑक्साइड.

व्हॅनेडियमची जन्मकथाही सांगण्याजोगी आहे. १८०१ साली मेक्सिकोमध्ये आंद्रेस मान्युएल देल रिओ या खनिजशास्त्रज्ञाला एका शिशाच्या खनिजात नवे मूलद्रव्य सापडले. त्याची संयुगे तापवली असता तांबडी होत, म्हणून त्याने त्याला एरिथ्रोनियम असे नाव दिले. पण पॅरिसच्या एका रसायनशास्त्रज्ञाने ते नवे नसून क्रोमियमच आहे असा निर्वाळा दिला आणि बिचाऱ्या देल रिओने आपला दावा मागे घेतला. पुढे १८३० साली स्वीडनमध्ये सेफस्ट्रोम याला लोखंडाच्या खनिजाचा शोध घेताना तेच मूलद्रव्य पुन्हा सापडले. त्याची संयुगे फार सुंदर रंगांची असतात, म्हणून वॅनाडिस या तिकडच्या सौंदर्यदेवतेवरून त्याला व्हॅनेडियम हे नाव मिळाले. दोघांना सापडलेले मूलद्रव्य एकच, हे वोलर याने १८३१ मध्ये दाखवून दिले. देल रिओ बरोबर होता, पण नाव राहिले सेफस्ट्रोमचे!

व्हॅनेडियम डायऑक्साइडची खुबी उघडकीला यायला आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली. १९५९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एफ. जे. मॉरिन हे काही धातूंच्या ऑक्साइडांतून वीज किती वाहते ते मोजत होते. त्यांना असे दिसले, की ६८ अंश सेल्सियसच्या खाली व्हॅनेडियम डायऑक्साइड विजेला फारशी वाट देत नाही, आणि त्याच्या वर गेले की तेच एखाद्या धातूप्रमाणे वीज वाहू देते. चांगल्या स्फटिकात हा फरक लाखपटीपर्यंत जातो. तुकडा तोच, अणू तेवढेच. ना काही जळले, ना काही वितळले. मग बदलले तरी काय?

अणूंच्या जोड्या

तुमच्या शाळेच्या मैदानावर मुले एका ओळीत उभी आहेत अशी कल्पना करा. दर दोन मुलांनी एकमेकांचे हात घट्ट धरले आहेत. जोडीतली मुले जवळजवळ, पण दोन जोड्यांमध्ये अंतर जास्त. थंड व्हॅनेडियम डायऑक्साइडमध्ये व्हॅनेडियमचे अणू असेच जोडीजोडीने बसलेले असतात. प्रत्येक अणूपाशी एकेक मोकळा इलेक्ट्रॉन असतो, पण तो जोडीचा हात धरण्यात गुंतलेला असतो. त्यामुळे वीज वाहून न्यायला कोणी रिकामा नाही. तपमान ६८ अंशांवर गेले, की जणू सुट्टीची घंटा होते. हात सुटतात, अणू सारख्या अंतरावर उभे राहतात आणि इलेक्ट्रॉन साऱ्या ओळीभर हिंडायला मोकळे होतात. मोकळे इलेक्ट्रॉन आले की पदार्थ धातूसारखा वागू लागला, असे समजावे. (जोड्या सुटल्यामुळे इलेक्ट्रॉन मोकळे होतात, की इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या रेटारेटीमुळे जोड्या सुटतात, हा वाद तज्ज्ञांमध्ये अजून पुरता मिटलेला नाही.)

अशा बदलाला अवस्थांतर म्हणतात, आणि त्याचे घरगुती उदाहरण तुम्ही दर हिवाळ्यात पाहता. खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या वर पातळ व नितळ असते, खाली गेले की गोठून पांढरे होते. तिथेही तेलाचे रेणू तेच राहतात, त्यांची मांडणी तेवढी बदलते.

आता हे मोकळे इलेक्ट्रॉन अवरक्त किरणांना अडवतात आणि दृश्य प्रकाशाला बरेचसे जाऊ देतात, ते कसे? लेझीम खेळताना ढोलाचा ठेका बेताचा असेल तर सगळा वर्ग एका तालात पाय टाकतो. ठेका फारच जलद झाला, तर पाय काही त्याच्या मागे धावू शकत नाहीत आणि सगळे जागच्या जागी थबकतात. प्रकाश हा विद्युत्चुंबकीय तरंग आहे, आणि त्याच्या ठेक्यावर इलेक्ट्रॉन मागेपुढे डोलतात. अवरक्त किरणांचा ठेका त्यामानाने सावकाश असल्याने तप्त व्हॅनेडियम डायऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन त्याला साथ देतात आणि त्या किरणांची वाट अडते. दृश्य प्रकाशाचा ठेका त्यांना झेपत नाही, म्हणून त्या प्रकाशात पदार्थाचे वागणे थंड असतानाच्या सारखेच राहते. आपल्याला हवे होते ते नेमके हेच!

अडचणींची रांग

पण काच ६८ अंशांपर्यंत तापेपर्यंत वाट कोण पाहणार? तोवर आतल्या माणसांचे काय होईल! म्हणून अवस्थांतराचे तपमान खाली आणायला हवे. खोबरेल तेल थंडीत गोठू नये म्हणून त्यात थोडे दुसरे तेल मिसळतात, ते आठवा. इथे थोडे टंगस्टन मिसळतात. विजेच्या जुन्या दिव्याच्या तारेतले तेच टंगस्टन. दर शंभर व्हॅनेडियम अणूंपैकी एकाच्या जागी टंगस्टनचा अणू बसवला, तर अवस्थांतराचे तपमान सुमारे २० ते २५ अंशांनी उतरते. टंगस्टनपाशी दोन इलेक्ट्रॉन जास्त असतात. ते शेजारच्या जोड्यांत शिरून त्यांचे हात सैल करतात. शंभरात दोन अणू घातले की काम खोलीच्या तपमानापर्यंत येते. मात्र हा उपाय फुकट नाही. हे जास्तीचे इलेक्ट्रॉन थंड अवस्थेतही मोकळेच असतात, म्हणून हिवाळ्यात हवे असलेले अवरक्त किरणही थोडे अडतात आणि दोन अवस्थांमधला फरक पुसट होतो. सुदैवाने एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. उन्हातली काच हवेपेक्षा बरीच जास्त तापते. त्यामुळे अवस्थांतर अगदी २५ अंशांवर आणण्याचा अट्टाहास दर ठिकाणी करावा लागत नाही.

दुसरी अडचण उजेडाची. काचेवरचा हा थर ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा सुमारे हजारावा भाग. एवढा पातळ असूनही तो काचेला पिवळट-तपकिरी छटा आणतो, आणि साध्या काचेतून ९० टक्के उजेड येत असेल तर यातून जेमतेम ४० टक्के येतो. थर पातळ करावा तर उजेड वाढतो, पण अवरक्त किरण थोपवण्याची ताकद घटते. जाड करावा तर ताकद वाढते, पण खोली अंधारते आणि लोक भर दुपारी दिवे लावतात! साध्या थराने थंड आणि तप्त अवस्थांत साधलेला फरक उन्हाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतो. आपल्या मघाच्या खिडकीवर १२०० वॅट पडत होते, त्यातले फक्त १२० वॅट वाचले. एवढ्यासाठी महाग काच कोण घेईल?

या अडचणीवर गेली काही दशके नाना तऱ्हेने काम चालू आहे. व्हॅनेडियम डायऑक्साइडवरून बराचसा प्रकाश नुसता परावर्तित होऊनच वाया जातो. म्हणून त्याच्या खाली-वर टिटॅनियम डायऑक्साइडचे थर देतात. चष्म्याच्या किंवा कॅमेऱ्याच्या भिंगावर चकाकी मारण्यासाठी थर देतात, त्यातलीच ही युक्ती. थोडे मॅग्नेशियम घातले तर पिवळेपणा कमी होतो. कोणी पतंगाच्या डोळ्यांवरून धडा घेतला. रात्री उडणाऱ्या पतंगाच्या डोळ्यांवर अतिसूक्ष्म उंचवट्यांची दाटी असते, त्यामुळे ते डोळे चमकत नाहीत; तसेच उंचवटे काचेवर उठवून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी त्यावर हा थर चढवून पाहिला आहे. मला स्वतःला सर्वांत आशादायक वाटते ती स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातून आलेली कल्पना. (व्हॅनेडियमचे नाते पुन्हा स्वीडनशीच जुळले!) तिथल्या ग्रॅनक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली गणिताने दाखवून दिले, की सलग थराऐवजी व्हॅनेडियम डायऑक्साइडचे अगदी बारीक कण पारदर्शक पदार्थात दूरदूर विखरून ठेवले, तर उजेडही वाढतो आणि फरकही वाढतो. एरवी एक मिळवायला दुसरे गमवावे लागत होते. इथे दोन्ही एकदम हाती येतात. पण हे कण एका मिलिमीटरचे लाख भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांएवढेच असावे लागतात. ते एकमेकांना चिकटून गोळे होता कामा नयेत, आणि कारखान्यात ते मणामणाने तयार करणे हे काम सोपे नाही.

तिसरी अडचण सहसा लोकांच्या ध्यानात येत नाही. तप्त थर अवरक्त किरण काही परत पाठवतो, पण बरेचसे स्वतःच शोषून घेतो. मग ती काच तव्यासारखी तापते, आणि तापलेली वस्तू दोन्ही बाजूंना उष्णता फेकते. म्हणजे उन्हाला दारात अडवले, पण तेच ऊन पहारेकऱ्याच्या अंगातून आत आले! यावर उपाय असा, की खिडकीला मध्ये हवेची पोकळी ठेवून दोन काचा बसवायच्या आणि थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला द्यायचा. मग त्याची उष्णता मुख्यतः बाहेर जाते, आणि पाऊस-धुळीपासून थरही वाचतो.

या शर्यतीत एक अगदी वेगळा गडीही उतरला आहे. दोन काचांमध्ये पाणी धरून ठेवणारा एक जेलीसारखा पदार्थ भरतात. त्याचे लांबलचक रेणू ३२ अंशांच्या खाली पाण्याशी मैत्रीने राहतात आणि जेली नितळ दिसते. त्याहून तपमान वाढले की रेणू पाण्याची साथ सोडून गोळा होतात आणि जेली दुधासारखी पांढरी होते. पाणी पारदर्शक, हवा पारदर्शक, पण साबणाचा फेस पांढरा, ते ज्या कारणाने, त्याच कारणाने हीही पांढरी दिसते: जागोजागी प्रकाश विखुरला जातो. ऊन अडवण्यात ही जेली व्हॅनेडियमला सहज मागे टाकते. पण भर दुपारी खिडकीतून बाहेरचे काही दिसेनासे होते, आणि मग ती खिडकी की भिंत, असा प्रश्न पडतो. शिवाय थंड देशात ती गोठते आणि काचांची कड नीट बंद नसेल तर वाळते. छतातल्या झरोक्यासाठी मात्र ती उत्तम. तिथून बाहेर कोण पाहतो?

डिसेंबर २०२१ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकाच्या एकाच अंकात या विषयावर दोन शोधनिबंध आले; एक सिंगापूरहून, खिडकीसाठी, आणि दुसरा अमेरिकेतील बर्कलीहून, छतासाठी. दोघांनीही टंगस्टन घातलेले व्हॅनेडियम डायऑक्साइडच वापरले होते, पण नव्या कामासाठी. हिवाळ्यात निरभ्र रात्री अंगणातल्या वस्तूंवर दव पडते, कारण त्या आपली उष्णता लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपाने सरळ आकाशात सोडून हवेपेक्षाही थंड होतात. बर्कलीच्या लेपाला हीच सवय लावली, पण फक्त उन्हाळ्यापुरती. सुमारे २२ अंशांच्या वर तो आपल्या तपमानाला शक्य असलेल्या उत्सर्जनाच्या ९० टक्के उष्णता आकाशाकडे सोडतो. त्याखाली हे प्रमाण २० टक्क्यांवर येते आणि घर आपली ऊब राखून ठेवते.

आपल्याकडे याचा उपयोग किती?

ज्या गावी वर्षभर उकडते तिथे ऋतू ओळखणाऱ्या काचेला ओळखण्याजोगे फारसे काही नसते. मुंबईत घर तापवण्याची पाळी कधी येत नाही. तिथे बारा महिने ऊन अडवणारी साधी चांदीच्या थराची काच जवळजवळ तेवढेच काम कमी खर्चात करील. दिल्लीसारख्या ठिकाणी, जिथे जूनमध्ये अंग भाजते आणि जानेवारीत शेकोटी लागते, तिथे या काचेचे खरे चीज होईल. भारत सरकारने २००७ साली इमारतींसाठी ऊर्जासंवर्धन संहिता जाहीर केली आणि तीत खिडकीतून किती सूर्योष्णता आत यावी यावर मर्यादा घातली. तेव्हापासून मोठ्या इमारतींचे आराखडे करणाऱ्यांना काचेचा विचार टाळता येत नाही.

आणि दक्षिणेच्या खिडकीवरचा आपला साधा छज्जाही काही कमी हुशार नाही! मे महिन्यात दुपारी बारा वाजता सूर्य महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून छज्जा ऊन पुरते अडवतो. डिसेंबरात मुंबईला तोच सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांपेक्षा वर चढत नाही, म्हणून ऊन छज्जाखालून आत येते. ऋतू ओळखण्याचे काम कोणत्याही रसायनाशिवाय झाले. पश्चिमेच्या खिडकीपुढे मात्र छज्जा हात टेकतो, कारण तिकडचे ऊन समोरूनच येते; आणि चाळीस मजली काचेच्या इमारतीला छज्जे नसतातच. नवी काच लागणार आहे ती अशा जागी.

तिथे ती टिकली पाहिजे, हा आज संशोधकांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. दमट हवेत व्हॅनेडियम डायऑक्साइड आणखी ऑक्सिजन घेऊन हळूहळू व्हॅनेडियम पेंटॉक्साइड बनते. गंधकाम्ल तयार करताना उत्प्रेरक म्हणून ज्याचे नाव तुम्ही पाठ करता तेच हे. उत्प्रेरक म्हणून ते गुणी असले तरी खिडकीत निरुपयोगी आहे. वर विषारीही आहे. म्हणून थरावर सिलिकाचे किंवा दुसऱ्या ऑक्साइडचे चिलखत चढवतात. शिवाय प्रत्येक अवस्थांतरात स्फटिक एका दिशेने सुमारे एक टक्क्याने बदलतो. एक टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण खिडकी पंचवीस वर्षे टिकायची तर रोज एकदाच तापून निवली तरी हे ताणणे-आवळणे नऊ हजारांहून अधिक वेळा होणार, आणि पावसाळ्याच्या तोंडावर, ढग येता-जाता, दिवसातून दहा वेळा.